शब्द हवा: 'डीटँगल' म्हणजे गुंता सोडवणे नव्हे

खाडीकाठ:
देवगडजवळच्या आमच्या बागेतल्या पेट्यांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम मी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑर्ग-मोड या सोयीत ठेवला आहे. एकाच फाइलीत मराठीत समजावणी आणि तिच्याखाली त्या त्या भागाचा कोड. 'टँगल' केले की कोडचे तुकडे वेगळ्या फाइलीत उतरतात आणि संगणक ती फाइल चालवतो.

यंदा फळ मोठे आले. पॅकिंगच्या घाईत चुलतभावाने त्या उतरलेल्या फाइलीतच पेटी ५ डझनांऐवजी ४ डझनांची केली. दुसऱ्या दिवशी मी समजावणीतले एक वाक्य सुधारून पुन्हा टँगल केले. त्याचा बदल पुसला गेला आणि ३८ पेट्यांवर ५ डझनांची लेबले चिकटली. रात्री ओल्या फडक्याने एकेक सोलून काढली.

यावर उपाय आहे. टँगल करताना प्रत्येक तुकड्याच्या वर-खाली मूळ जागेचा पत्ता कॉमेंट म्हणून, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना संगणक वगळतो अशी टीप म्हणून, टाकून घ्यायचा. मग 'डीटँगल' ही आज्ञा तो पत्ता वाचते आणि सुधारलेला कोड मूळ फाइलीत त्याच परिच्छेदाखाली नेऊन ठेवते. भावासाठी हे सगळे मराठीत लिहायला घेतले आणि याच शब्दावर अडलो. 'गुंता सोडवणे' लिहिले, तर तो विचारतो, "दादा, गुंता झालाय कुठे?" त्याचे बरोबर आहे. शब्द सुचवा.

जुनी_वही:
आधी मुळाकडे जाऊ. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग', म्हणजे समजावणी आणि कोड एकत्र लिहिण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या प्रणालीचे नाव 'वेब' होते. जाळे. इंटरनेटवरचे वेब त्यानंतरचे. माणसाने वाचायचा लेख काढायचा तो 'वीव्ह', म्हणजे विणणे. यंत्रासाठी पास्कल भाषेतला कोड काढायचा तो 'टँगल', म्हणजे गुंतवणे. तो कोड माणसाच्या डोळ्यांसाठी नव्हताच, म्हणून ते नाव शोभून दिसले. आजच्या टँगलमधून स्वच्छ, वाचता येणारा कोड निघतो. नावातली प्रतिमा गेली, शब्द उरला. त्यालाच उलटे करून 'डीटँगल' झाला. इंग्रजीतच शब्द चुकला असेल तर तो मराठीत उतरवायचा कशाला?

आंबोळी:
परतवणे! बदल परतवला. सुटसुटीत.

खाडीकाठ:
ताई, पहिल्यांदा मीही तेच लिहिले होते. पण परतवतात तो हल्ला. 'बदल परतवला' वाचून भावाला वाटेल, तो नाकारला. नेमका उलटा अर्थ.

आंबोळी:
तो तुमच्या कानाचा दोष. गुरे सांजेला गोठ्याकडे परतवतात की नाही? आणि कांदा परततात तेव्हाही तो कढईबाहेर कोणी घालवत नाही. शब्दाला एकच अर्थ चिकटवून ठेवू नका. माका तरी 'परतवणे' बरा वाटता.

रापण:
आमच्या घरी मासेमारी. जाळे फाटले की फाटलेल्या जागीच बसून सांधतात, किनाऱ्यावर पसरून. तुकडा कापून घरी नेत नाहीत. तुमच्या भावाने जिथे चूक दिसली तिथेच सांधले, तेच बरोबर. म्हणून या कामाला 'सांधणे' म्हणा.

खाडीकाठ:
सांधण्याचे काम भावाने केलेच आहे. आता ते सांधलेले मूळ नकाशावर उमटायला हवे, नाहीतर पुढचे जाळे पुन्हा त्याच भोकासकट विणले जाईल. मला त्या दुसऱ्या कामाचे नाव हवे.

जुनी_वही:
मग आपल्या हिशेबातच पाहा. रोजकीर्दीतून खातेवहीत नोंद नेणे म्हणजे खतावणी. टँगलला मी 'खतावणी'च म्हणेन. मूळ एका जागी, त्यावरून दुसरे तयार होते. माझे वडील दुकानाच्या वह्या लिहायचे. खात्यात चूक सापडली तर फक्त खात्यात खोडून चालायचे नाही, कीर्दीत सुधारणेची नोंद करायची आणि तिथून ती पुन्हा खतवायची. म्हणजे उलटी वाट पूर्वी होतीच, पण ती माणूस चालायचा. तुमची आज्ञा ती आपोआप चालते. म्हणून 'मेळ घालणे' म्हणा.

खाडीकाठ:
काका, खतावणी आवडली, ती मी घेतोच. पण मेळात दिशा नाही. कुठून कुठे ते कळत नाही, आणि इथे दिशा हाच सगळा मुद्दा आहे. कोड मूळ फाइलीकडे जातो, मूळ फाइल कोडकडे जाते तेव्हा ते टँगल. चुकीच्या दिशेने मेळ घातला म्हणूनच ४ चे पुन्हा ५ डझन झाले. मला 'माघारी नेणे' जवळचे वाटते.

शुद्धलेखन:
माघार म्हणजे हार. आणि एकूणच, आपली संज्ञा घडवायला एवढे का कचरता? सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. दिनांक, महापौर हे शब्द आज कोणाला खुपतात? 'प्रतिसंक्रमण' करा. वर्षभरात रुळेल.

आंबोळी:
दिनांक फॉर्मवर असतो. बोलताना आपण तारीखच म्हणतो. काजू, बटाटा, चावी, पाव हे सगळे पोर्तुगीजांकडून आले, आणि काजूशिवाय कोकण सांगून दाखवा. पेट्या भरणारा मुलगा 'प्रतिसंक्रमण' वाचून फाइल बंद करेल.

शुद्धलेखन:
तारीख आणि दिनांक दोन्ही जिवंत आहेत, मी त्यालाच यश म्हणतो. घडवलेला शब्द जुन्याला मारतोच असे नाही.

खाडीकाठ:
हे मान्य. पण माघारी फिरणे आणि माघार घेणे वेगळे आहे. बाजारला गेलेला माणूस माघारी येतो, हरून येत नाही. शिवाय 'माघारी' म्हटले की जिथून निघाला ती जागा आपोआप आली. पत्त्याची कॉमेंट तीच तर जपते. ती ओळ कोणी पुसली तर कोडला माघारी जायला वाट उरत नाही. भावाला मी पहिली गोष्ट हीच सांगणार आहे: त्या दोन ओळींना हात लावू नकोस.

जुनी_वही:
आणि एकच तुकडा दोन ठिकाणी ओवला असेल, एकीकडे बदलला आणि दुसरीकडे नाही, तर माघारी कोणता न्यायचा? अशा वेळी माणसालाच ठरवावे लागते. म्हणून मी अजून मेळ सोडत नाही.

रापण:
सगळे येणे-जाणेच असेल तर भरती-सुकती म्हणा ना. टँगल ती भरती, डीटँगल ती सुकती.

शुद्धलेखन:
ओहोटी. सुकती हा ग्राम्य शब्द.

रापण:
ग्राम्य कशाने? पाणी उतरून खाजण सुकते, म्हणून सुकती. माझ्या मते तो ओहोटीपेक्षा अर्थाला धरून आहे. जन्मभर आम्ही होडी सुकतीला काढली, ओहोटीला कधी काढली नाही.

आंबोळी:
आमच्याकडेही सुकतीच. अष्टमीच्या आसपास भरती-सुकती दोन्ही मंद, तो भांग. पुनव-अवसेला उधाण. शहरातल्या मराठीत उधाण पोहोचले, भांग राहिला.

शुद्धलेखन:
भांग शब्द या अर्थाने मला नवा आहे. केसांच्या भांगाशी काही नाते? उधाण आणि उधाण यांच्या मधली रेघ?

रापण:
तसे कधी ऐकले नाही. अष्टमीला जेटीवर जुनी माणसे निवांत असतात, पाणी ओढत नाही म्हणून. विचारून येतो.

खाडीकाठ:
भावाच्या फाइलीत तूर्त 'खतावणी' आणि 'माघारी नेणे' लिहिले आहे. रापणदादा, भांगाचे कळले की इथेच सांगा.