विधेयक समितीकडे गेलं म्हणजे तिथं नेमकं काय होते, कोणी नीट सांगन का?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, सहा एकर वावर, पऱ्हाटी आन तूर. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती होते, ते सगळ्यांले माहीत हाय. त्यात माझे काकाजी पण होते, पाच दिवस डोळ्याले नीट दिसत नव्हतं, वाचले. डॉक्टर विचारे कोणतं औषध मारत होते तं आम्हाले सांगताच येईना, कारण दुकानदारानं तीन डबे एकत्र कालवाले सांगितले होते आन डब्यावरचं लिहिलेलं इतकं बारीक की चष्मा लावूनही वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून ऐकून राह्यलो की 1968 चा कीटकनाशकाचा कायदा जुना झाला, नवा येणार. मंग कळलं की 2020 ले विधेयक मांडलं, मंग कळलं ते समितीकडे गेलं, आन त्याच्यापुढं काहीच कळलं नाई. आमच्या गावात एखादी गोष्ट समितीकडे दिली की लोकं समजून घेतात का आता ती झाली नाई. पाणीपुरवठ्याचं तसंच झालं, शाळेच्या खोल्यायचं तसंच झालं. तं दिल्लीतली समिती पण तशीच हाय का? तिथं कोण बसते, काय करते, आन माझ्यासारख्या माणसानं तिथं दोन ओळी लिहून पाठवल्या तं कोणी वाचते का? खरंच विचारून राह्यलो, राजकारण नको.

वकिली_शिकवतो_अमरावती

दारव्हेकर भाऊ, काकाजी वाचले हे वाचून बरं वाटलं. मी लॉ कॉलेजात हाच विषय शिकवतो, मला जमेल तसं सांगतो.

आपल्या ग्रामसभेत बजेट कसं होतं बघा, ग्रामसेवक भरभर वाचतात, मंजूर का, मंजूर, झालं. पाचशे लोकांच्या सभागृहात कायद्याचं तेच होतं, शंभर कलमांच्या विधेयकावर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळाली तरी कोणी एका कलमावर खोलात जाऊ शकत नाही. म्हणून 1993 साली प्रत्येक खात्याच्या कामाला धरून संसदेनं स्थायी समित्या केल्या, तेव्हा 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. एका समितीत 31 जण, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे, आणि मंत्री असलेला माणूस सदस्य होऊ शकत नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ज्याचं विधेयक त्यानंच तपासायचं असं होत नाही.

विधेयक तिथं गेलं की आधी खात्याच्या सचिवांना बोलावतात, हे कलम कशाला, जुन्यात काय अडत होतं ते विचारतात. मग पेपरात जाहिरात देतात, बहुतेकदा पंधरा दिवसांची मुदत, की कोणाला निवेदन द्यायचं असेल तर द्या. त्यातून काही लोकांना साक्षीला बोलावतात, म्हणजे कंपन्यांच्या संघटना, शेतकरी संघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ, राज्य सरकारं. आणि शेवटी बसून एकेक कलम घेतात, हा शब्द राहू द्यायचा का, इथं 'शकेल' आहे तिथं 'करील' पाहिजे का. हे सगळं बंद दाराआड, कॅमेरा नाही. लोकं म्हणतात लपवतात कशाला, पण मला उलट वाटतं, कॅमेरा नसला की सत्ताधारी खासदारही मोकळेपणी आपल्याच मंत्रालयाची चूक काढतो, आणि विरोधी पक्षाचा माणूस चांगल्या कलमाला चांगलं म्हणतो. तरी पटलं नाही तर सदस्य असहमतीची टीप लिहून देऊ शकतो, ती अहवालाला जोडून छापतात. मी तर विद्यार्थ्यांना सांगतो अहवाल मागून वाचायला लागा, आधी असहमतीच्या टिपा, भांडण कुठं होतं ते तिथंच कळतं.

आता तुमच्या विधेयकाचं. ते मार्च 2020 मध्ये राज्यसभेत मांडलं, 2021 मध्ये कृषीच्या स्थायी समितीकडे गेलं आणि डिसेंबर 2021 मध्ये समितीनं अहवाल दिला. म्हणजे समितीत अडकलेलं नाही, समितीनं आपलं काम केलं. पुढं ते सरकारकडून हललं नाही. कारण स्थायी समिती फक्त शिफारस करते, सरकारवर बंधन नाही, किती दिवसांत उत्तर द्यायचं असंही विधेयकाच्या बाबतीत कोणी धरून विचारू शकत नाही.

पण अजून एक प्रकार आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात. प्रवर समिती किंवा संयुक्त समिती. ती एकाच विधेयकासाठी बनते आणि काम झालं की संपते. ती नुसता सल्ला देत नाही, विधेयकात स्वतः बदल करून नवी प्रत सभागृहाला देते आणि मग चर्चा त्या बदललेल्या प्रतीवर होते. हा फरक लई मोठा आहे.

जंगलगाव_धानोरा

सरांनी संयुक्त समितीचं सांगितलं तर मला बोलावंच लागेल कारण आम्ही गडचिरोलीवाले त्याच समितीमुळे आज बांबू विकतो.

वनहक्काचं विधेयक 13 डिसेंबर 2005 ला लोकसभेत मांडलं होतं ना, त्यात काय होतं तर हक्क फक्त अनुसूचित जमातींना, ताबा 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीचा पाहिजे आणि जमीन जास्तीत जास्त अडीच हेक्टर. आता आमच्या भागात 1980 च्या आधीचा कागद कोणाकडं असणार हो, आणि आदिवासींच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ढिवर, कुंभार, गोवारी, त्यांचं काय. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, किशोर चंद्र देव अध्यक्ष होते. देशभरातल्या संघटनांनी निवेदनं दिली, माणसं जाऊन बोलली. मे 2006 ला अहवाल आला आणि त्या डिसेंबरात कायदा पास झाला तेव्हा नावातच 'इतर पारंपरिक वननिवासी' आलं, तारीख 13 डिसेंबर 2005 झाली आणि मर्यादा चार हेक्टर झाली. समितीला ग्रामसभेला याच्यापेक्षा जास्त अधिकार द्यायचे होते, ते सगळं सरकारनं मानलं नाही. इतर वननिवासींना 75 वर्षांचा पुरावा लावला, त्याचा त्रास आजही होतो, आमच्या शेजारच्या टोल्यावरचे दावे त्याच्यावरच नामंजूर होऊन पडले आहेत.

पण बघा, आमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली 1809 हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 ला बांबूचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आला. माझा बाप फॉरेस्टच्या माणसाला पाहून काडी टाकून पळायचा, मी ग्रामसभेच्या लिलावात बसून भाव बोलतो. कोणत्या तरी खोलीत कोणीतरी एक तारीख खोडून दुसरी लिहिली म्हणून हे झालं, म्हणून समितीला वांझोटी कोणी म्हटलं की मला पटत नाही.

सेलू_वर्धा_84

धानोरावाल्या भावाचं सगळं मान्य, पण दुसरी बाजू पण सांगा ना लोकांना. समितीकडे जायचं की नाही हे ठरवते कोण, सरकार आणि सभागृहाचे अध्यक्ष. 2020 चे तीन शेती कायदे आठवा. जूनमध्ये अध्यादेश, सप्टेंबरात विधेयकं, कोणत्याच समितीकडे गेली नाहीत, राज्यसभेत प्रवर समितीची मागणी झाली तर ती फेटाळून दोन विधेयकं 20 सप्टेंबरला गोंधळात आवाजी मतदानानं पास केली, तिसरं दोन दिवसांनी. पुढं वर्षभर दिल्लीच्या सीमेवर लोक बसले आणि नोव्हेंबर 2021 ला कायदे मागं घेतले. मी त्यातल्या एका कायद्याच्या बाजूनं होतो, बाजार समितीच्या बाहेर विकायची मोकळीक मला पाहिजे होती, आजही पाहिजे. म्हणूनच जास्त राग येतो. तीन-चार महिने समितीत घासून निघाला असता, पंजाबवाल्यांचं म्हणणं आमचं म्हणणं समोरासमोर आलं असतं तर कदाचित टिकला असता.

आकडे बघा, 15 व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, 16 व्या लोकसभेत पाव, आणि 17 व्या लोकसभेत 16 टक्के. आणि गेलं म्हणजे बदललंच असंही नाही. 2023 चं वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, मार्चमध्ये मांडलं, जुलैमध्ये अहवाल, एकही बदल नाही, असहमतीच्या टिपा जोडल्या आणि जसंच्या तसं पास. गडचिरोली चंद्रपूरला त्याचा किती संबंध होता.

अन बियाण्याचं तर विचारूच नका. दरवर्षी जूनमध्ये बोगस बियाण्याच्या बातम्या येतात, सोयाबीन उगवत नाही, दुबार पेरणी. 2004 मध्ये बियाणे विधेयक राज्यसभेत आलं, कृषी समितीनं 2006 मध्ये अहवाल दिला, आणि ते विधेयक कधी कायदा झालंच नाही. 1966 च्याच कायद्यावर चाललं. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, आता तो पेरणी करतो.

वकिली_शिकवतो_अमरावती

सेलूकर, तुमचा राग बरोबर आहे, मी वाद घालत नाही. फक्त एक तांत्रिक गोष्ट जोडतो कारण बियाणे आणि कीटकनाशक दोन्ही राज्यसभेतली विधेयकं आहेत. लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत मांडलेलं पण पास न झालेलं विधेयक मरतं, समितीनं त्याच्यावर दोन वर्षं घाम गाळला असला तरी. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेनं अजून पास न केलेलं मात्र मरत नाही, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं यादीत पडून राहतात, जिवंत पण हलत नाहीत.

आणि दोन सभागृहांचं जुळत नसेल तर काय, हेही कोणीतरी विचारणारच. काही देशांत दोन्ही सभागृहांची माणसं बसवून मसुदा जुळवायची वेगळी समिती असते, आपल्याकडे तसं नाही. एका सभागृहानं पास केलेलं दुसऱ्यानं बदललं तर ते बदल परत पहिल्याकडे जातात, त्यानं मान्य केले तर झालं. जीएसटीची घटनादुरुस्ती बघा, लोकसभेनं मे 2015 ला पास केली, राज्यसभेनं प्रवर समितीला दिली, पुढं वर्षभर बोलणी चालली, राज्यसभेनं 3 ऑगस्ट 2016 ला बदल करून पास केली आणि 8 ऑगस्टला लोकसभेनं ते बदल मान्य केले. साध्या विधेयकावर अजिबातच जुळलं नाही किंवा सहा महिने दुसरं सभागृह हलवतच नसेल तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तशी विधेयकं आजवर तीनच, 1961 हुंडा प्रतिबंध, 1978 बँक सेवा आयोग रद्द करायचं, 2002 पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा. घटनादुरुस्तीला ही सोय नाही आणि धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाचं, असलं तर राज्यसभेला फक्त 14 दिवस सूचना करायला, लोकसभा मानेल नाहीतर नाही.

बचतगट_वरोरा

मी कधी इथं लिहित नाही, नुसती वाचते. पण दादांनी विचारलं ना की दोन ओळी पाठवल्या तर कोणी वाचतं का, म्हणून लिहिते.

2015 मध्ये भूसंपादनाचं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं, अहलुवालिया अध्यक्ष. तेव्हा आमच्या गावची जमीन एका प्रकल्पात जायची बोलणी चालू होती. 2013 च्या कायद्यात होतं की खाजगी कंपनीसाठी घ्यायची तर 80 टक्के लोकांची संमती पाहिजे आणि सरकारी-खाजगी भागीदारीला 70 टक्के, आणि गावावर काय परिणाम होईल त्याचा आधी अभ्यास पाहिजे. नव्या विधेयकात बऱ्याच प्रकारच्या प्रकल्पांना ही अट काढली होती. पेपरात समितीची जाहिरात आली की सूचना पाठवा. आम्ही बायांनी गटाच्या बैठकीत ठरवलं की पाठवू. मराठीत लिहिलं, शाळेतल्या गुरुजींनी हिंदी करून दिलं, दोन प्रती, 43 सह्या आणि अंगठे. वरची तीन पानं आम्ही आधी नुसती तक्रारीची लिहिली होती, गुरुजी म्हणाले की असं नाही, कलमाचा नंबर लिहा, त्याच्यासमोर काय पाहिजे ते लिहा आणि का पाहिजे ते आपल्या गावाचं उदाहरण देऊन लिहा. मग पाऊण पान झालं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे, की सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे पण धुरे आम्ही निंदतो, तर संमती विचारताना आम्हाला पण विचारा.

उत्तर काही आलं नाही, साक्षीला कोणी बोलावलं नाही, बोलावतील असं वाटलंही नव्हतं. पण त्या ऑगस्टमध्ये बातमी आली की समितीत सत्ताधारी पक्षाच्याच सदस्यांनी संमतीची अट आणि परिणामाचा अभ्यास परत आणायच्या दुरुस्त्या दिल्या. आणि ते विधेयक पुढं कधी पास झालं नाही, 2013 चाच कायदा राहिला. आमच्या पाऊण पानानं झालं असं मी म्हणत नाही, देशभरातून गठ्ठेच्या गठ्ठे गेले असतील. पण त्या गठ्ठ्यात आमचं होतं. आमच्या गटातली एक आजी वारली मागच्या साली, तिचा अंगठा दिल्लीच्या दप्तरात आहे हे ती सगळ्यांना सांगायची.

दादा, आता फवारणीचं जे आहे ते लिहूनच ठेवा, नवा मसुदा आला की मुदत थोडी असते, तेव्हा लिहायला बसलं तर होत नाही.

कास्तकार_दारव्हा

ताई, तुमचं वाचून आईले वाचून दाखवलं, ते आजीचं ऐकून आई गप बसून राह्यली.

सर, एक शेवटचं विचारतो. समितीचा अहवाल तं 2021 लेच होऊन गेला, मंग आता लिहायचं तं कोणाले?

वकिली_शिकवतो_अमरावती

तीन ठिकाणी. सरकारनं नवा मसुदा काढला तर 2014 च्या धोरणाप्रमाणे तो निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो, तेव्हा कृषी मंत्रालयाला पाठवा. सध्याच्या कृषी समितीत महाराष्ट्रातले कोण खासदार आहेत ते संसदेच्या वेबसाइटवर नावानिशी असतं, समित्या दरवर्षी नव्यानं बनतात म्हणून आजचीच यादी बघा, त्यांना पाठवा. आणि तुमचे स्वतःचे खासदार, कारण विधेयक सभागृहात आलं की कोणताही खासदार दुरुस्ती सुचवू शकतो. हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. अहवाल डाउनलोड करून आधी वाचा, हिंदीतही असतो.

कास्तकार_दारव्हा

ठीक हाय सर. आज तूर सोंगणं चालू हाय, रात्री बसतो. माझे तीन मुद्दे हायत, एक डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात, दोन कोणतं औषध कशात कालवायचं नाई हे दुकानदारानं बिलावर लिहून द्यायचं, तीन फवारणारा मजूर असो का मालक, त्याले हातमोजे अन मास्क डब्यासंगच भेटला पाहिजे. कलमाचा नंबर कोणत्याले कोणता लावायचा ते अहवाल पाहून इथंच विचारीन, आन काकाजीची पहिली सही घेतो.