मदत हवी आहे: एकाच गाण्याचं रिमिक्स आणि डब, दोन्ही करायचंय. फरक नेमका कुठे ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात असतो, घरीच एबलटन या संगीत-सॉफ्टवेअरवर हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅक करतो. माझी आतेबहीण छान गाते. तिनेच लिहिलेलं, तिनेच चाल लावलेलं एक मराठी गाणं आम्ही रेकॉर्ड केलंय. मूळ गाणं संथ, नुसती गिटार आणि आवाज. त्याचं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) रिमिक्स जवळपास झालंय. जोडीला एक डबही (आवाज बहुतेक काढून, उरलेल्याला इको वगैरे देऊन केलेलं रूप) काढायचंय आणि तिथे अडलोय.

रिमिक्समध्ये आवाज पूर्ण ठेवला, गिटार काढली, खाली नवे कॉर्ड, नवा बेस, चार-चारचा किक (ड्रमचा जड मुख्य ठोका). भवानी पेठेत मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, तिथे जाऊन मागाचा ठोका रेकॉर्ड केला. टॉवेलचा माग चालू असताना दोन वेगळे आवाज मिळतात: धोटा पलीकडे आदळतो तो कोरडा 'टक' आणि फणी ठोकते तो जड 'धप'. 'टक' हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजेच्या) जागी चपखल बसला. 'धप' किकवर चढत होता, म्हणून काढून टाकला. आता गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकू येतं आणि तिचंच गाणं वाटतं.

डबसाठी आवाजाचा ट्रॅक बंद करून पाहिला, तर हाती आलं ते इन्स्ट्रुमेंटल. मग वाचायला बसलो. १९६० च्या दशकाच्या शेवटी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आवाज वगळलेल्या तबकड्या साउंड सिस्टिमवर (नाचासाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांवर) वाजू लागल्या. पुढे किंग टबीसारख्या माणसाने (हा मुळात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला) इको, रिव्हर्ब (घुमारा) आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वापरून त्याच टेपमधून वेगळीच चीज काढली. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोत बारा इंची सिंगल आली आणि पुढे तिच्या मागच्या बाजूला डब द्यायची पद्धत पडली. इथपर्यंत समजलं.

गोंधळ पुढे होतो. एव्हरीथिंग बट द गर्ल या बँडच्या 'मिसिंग'चं टॉड टेरीने केलेलं रिमिक्स घ्या. गाणं जागेवर आहे, खालची जमीन बदललीय. पण नाइटक्रॉलर्स या बँडच्या 'पुश द फीलिंग ऑन'चं एमके या निर्मात्याने केलेलं 'डब ऑफ डूम' ऐकलं तर त्यात बेस, कॉर्ड सगळंच नवीन, आणि आवाजाचे असे तुकडे केलेत की शब्द कळत नाहीत. मग ते रिमिक्स नाही का? जमैकन डबमध्ये तर नवीन काही वाजवतच नाहीत, असलेल्यातून काढत जातात. माझ्या गाण्याला यातली कुठली वाट धरू? आणि माग ठेवू की नको?

इथे डीजे म्हटलं की मिरवणुकीतला डॉल्बी, त्यामुळे हे विचारावं असं जवळ कुणी नाही. जाणकारांनी जरूर सांगा.

प्रतिसाद, बी-साइड:

प्रश्न नेमका विचारलात. हाऊसमध्ये डब हा बहुतेक वेळा रिमिक्सचाच एक प्रकार असतो, त्यामुळे 'डब ऑफ डूम' दोन्ही आहे. रिमिक्सरकडे स्टेम (गाण्याचे सुटे ट्रॅक) आले की तो एक व्होकल मिक्स करायचा, गाण्याशी इमान राखून. दुसरं, म्हणजे डब, डीजेंसाठी, तिथे गाण्याचं देणं संपलं. आवाज उरतो तो एक वाद्य म्हणून. एमकेचं ते काम १९९२ चं. १९९५ मध्ये नाइटक्रॉलर्सचं गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं ते त्याच्याच आधारावर. लोक त्या न कळणाऱ्या तुकड्यांवर नाचले.

तरी तुम्ही जुन्या वाटेने जा असं मी म्हणेन. तुमचं रिमिक्स आधीच नवं आहे, त्याच्यावर आणखी नवा बेस चढवलात तर बहिणीच्या गाण्याशी नातं तुटेल. रिमिक्सचेच ट्रॅक घ्या आणि काढत जा. बेस आणि ड्रम पुढे आणा, कॉर्ड मधूनच एखादा. आवाजाची एकच ओळ निवडा आणि तिचा शेवटचा शब्द डिलेत (आवाज पुन्हा पुन्हा उमटवणाऱ्या इफेक्टमध्ये) फेका.

हे करताना डिले आवाजाच्या ट्रॅकवर लावू नका. ट्रॅक बंद केलात की शेपूटही तिथेच तुटते. रिटर्न ट्रॅकवर (इफेक्टसाठीच्या वेगळ्या ट्रॅकवर) लावा आणि सेंड (तिकडे आवाज पाठवणारा नॉब) फक्त त्या एका शब्दापुरता उघडा. मग आवाज बंद केला तरी शब्द मागे घुमत राहतो. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणून डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) ३७५ वर येतो. तो किकच्या मधल्या फटीत पडतो, गर्दी होत नाही. रिटर्नवर हाय-पास फिल्टर (खालचे जड सूर कापणारा) लावा, नाहीतर घुमणारा आवाज बेसवर साचतो. आणि ऑटोमेशन (नॉब कधी किती फिरणार याची नोंद) माउसने आखत बसू नका. पूर्ण ट्रॅक चालू ठेवून हाताने नॉब फिरवा, चार-पाच वेळा रेकॉर्ड करा, त्यातला जिवंत वाटेल तो ठेवा.

प्रतिसाद, मागवाला:

माग ठेवाच! उलट डबमध्ये तो 'धप' परत आणा. मधे आठ बार किक बंद करा आणि तिथे नुसता माग आणि बेस चालू द्या. रिमिक्समध्ये त्याला जागा नव्हती, इथे आहे.

अजून एक. दोन्ही प्रदर्शित करणार असाल तर प्रत्येक व्हर्जनला वेगळा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) क्रमांक लागतो. आणि आवाजाचे तुकडे करायला बहिणीची लेखी परवानगी असू द्या, घरचं माणूस असलं तरी.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. रिटर्न ट्रॅकचं आत्ताच करून पाहिलं. 'उंबरा' हा शब्द फेकला, त्यातला 'रा' सुंदर लांबतो. आणि किक काढून 'धप' लावल्यावर अंगावर काटा आला. एकच शंका: डिले पिंगपाँग (डावी-उजवीकडे उड्या मारणारा) ठेवू का साधा?

प्रतिसाद, बी-साइड:

पिंगपाँग ठेवा, पण एकदा मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. हॉलमधल्या कितीतरी सिस्टिम मोनोच चालतात, तिथे डावं-उजवं एक होऊन फक्त तालाचा भाग उरतो. तो तेवढ्यावर टिकला तर झालं. बेस आणि 'धप' मात्र मधोमध.