राउस व्हायरस लागला की पेशी गोल का होतात?

सेमिनारची_धास्ती: एमएस्सी मायक्रो करतेय, परवा सेमिनार आहे. राउस सार्कोमा व्हायरसचे (कोंबड्यांना कॅन्सर करणारा) फोटो बघत होते, कोंबडीच्या भ्रूणातल्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) आधी लांबट, चपट्या, डिशला घट्ट चिकटलेल्या आणि व्हायरस शिरला की गोल होऊन एकमेकींवर चढलेल्या, द्राक्षाचा घडच जणू. नोट्समधे नुसतं "रूपांतरण होते" (म्हणजे पेशी कॅन्सरसारखी होते) लिहून पुढे गेलेत. पण मरणारी पेशीपण गोलच होते ना? मग फरक काय?

पिपेटवाला: मरणारी सुटून मिडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) तरंगते, वाढत नाही. ह्या वाढतच राहतात, म्हणून तर टेमिन आणि रुबिन ह्या संशोधकांनी 1958 मधे असे ढीग मोजून व्हायरस मोजायची पद्धत काढली. गोल होण्याचं कारण व्हायरसचं सार्क प्रोटीन. ते दुसऱ्या प्रोटीन्सच्या टायरोसिन ह्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवत सुटतं, त्यात पेशीला डिशला धरून ठेवणारी पण आली, मग पकड सुटते आणि आतले अ‍ॅक्टिन प्रोटीनचे, आकार धरून ठेवणारे दोर विस्कटतात. मांडवाचे खुंटे उपटल्यासारखं समज.

जुना_लॅबकर: मांडव खाली बसतो हो, पेशी वर फुगते 😄 ताणलेलं रबर सोडलं म्हणा. पण ताई, सेमिनारला खरी मजा वेगळीच आहे. 1970 मधे मार्टिन नावाच्या संशोधकाने ह्याच व्हायरसचा एक म्युटंट (जनुक बदललेला प्रकार) काढला, 36 डिग्रीला पेशी बिघडलेल्या आणि 41 ला ठेवल्या की परत चपट्या, शहाण्यासारख्या. कोंबडीचं अंगच 41 च्या आसपास असतं, म्हणजे उष्णतेने पेशीला काही होत नाही, व्हायरसचं प्रोटीन तेवढं बंद पडतं. परत 36 ला आणा, परत तेच. म्हणजे एकदा बिघडली की बिघडली असं नाही, ते प्रोटीन सतत चालू असावं लागतं.

पिपेटवाला: हो, आणि "गोलच होतात" असं ठोकून बोलू नकोस, व्हायरसच्या काही स्ट्रेनमधे (उपप्रकारांत) लांब चातीसारख्या होतात, टेमिननेच दाखवलंय. मॅडम तिथेच पकडतील.

सेमिनारची_धास्ती: अरे वा, थँक्यू दोघांना! मग 36 आणि 41 चे फोटो एकाच स्लाइडवर शेजारी लावते.

जुना_लॅबकर: लाव, पण दोन्हींचं मॅग्निफिकेशन सारखं आहे का बघ आधी.