चर्चा: अर्धवट पॉलिमर रिसिव्हरला बंदूक म्हणायचं का?

उंबरठा

अमेरिकेतल्या फेडरल कायद्यापुरतं बोलतोय. एआर-१५ रायफलीत ट्रिगर आणि हॅमर ज्या खालच्या सांगाड्यात बसतात तो लोअर रिसिव्हर म्हणजेच कायद्याने 'बंदूक'. नळी, बोल्ट, दस्ता, मॅगझिन हे नुसते सुटे भाग. सिरियल नंबर, डीलरची नोंदवही, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी हे सगळं त्या एका तुकड्याला चिकटलेलं आहे. म्हणूनच तो तुकडा मुद्दाम अपुरा ठेवून विकायचा धंदा उभा राहिला. बोलीत त्याला 'ऐंशी टक्के लोअर' म्हणतात. कायद्यात असा टक्का कुठेच नाही, तो विक्रेत्यांनी रूढ केलेला शब्द आहे. पॉलिमर, म्हणजे टणक प्लॅस्टिक, आल्यावर हे अपुरे तुकडे, म्हणजेच ब्लँक, स्वस्त झाले आणि घरातल्या साध्या हत्यारांच्या आवाक्यात आले.

माझं मत स्पष्ट आहे. वस्तू बंदूक बनण्यासाठीच विकली जात असेल, तर नंबर आणि तपासणी विक्रीच्या वेळीच व्हायला हवी. एटीएफचा, म्हणजे शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या फेडरल संस्थेचा नियम हेच म्हणतो. तो २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. मूळ १९६८ च्या कायद्यातच 'सहज रूपांतर करता येईल असं' शस्त्र बंदुकीच्या व्याख्येत आहे. आवाज काढणारं स्टार्टर पिस्तूलही त्यात नावानिशी आहे. न्यायमूर्ती गोर्सच यांनी निकालपत्रात दाखला दिला आहे तो असा: लेखिकेने अपुरं हस्तलिखित वाचायला दिलं तरी आपण त्याला कादंबरीच म्हणतो. घोस्ट गन, म्हणजे सिरियल नंबर नसलेली बंदूक, म्हणून पोलिसांनी माग काढायला पाठवलेली शस्त्रं २०१७ मध्ये साधारण १,६०० होती, २०२१ मध्ये १९,००० च्या वर गेली. हे थांबवायचं तर दुसरी जागा कुठली आहे?

दोन सूत

निकाल तुम्ही जरा जास्तच ताणताय. ते आव्हान अख्ख्या नियमाला होतं. न्यायालय एवढंच म्हणालं की काही किट, म्हणजे जोडून शस्त्र करायचे भागांचे संच, आणि काही अपुरे सांगाडे कायद्यात नक्की बसतात, म्हणून नियम सरसकट रद्द होत नाही. प्रत्येक ब्लँक बंदूक ठरलेलं नाही. शिवाय न्यायालयापुढचं ठळक उदाहरण पिस्तुलाच्या संपूर्ण किटचं होतं. रायफलीचं सुटं पॉलिमर लोअर ही वेगळी गोष्ट. त्यात ट्रिगरच्या खोबणीचं काम झालेलं नसेल, तिथे खुणाही नसतील, आणि सोबत जिग (छिद्रं नेमक्या जागी पाडायला मदत करणारी चौकट), साचा किंवा सूचना नसतील, तर एटीएफच्याच सप्टेंबर २०२२ च्या पत्रानुसार तो रिसिव्हर नाही. म्हणजे तोच प्लॅस्टिकचा ठोकळा एकटा विकला तर वस्तू, जिगसोबत एका खोक्यात घातला तर बंदूक. छंद म्हणून घरी शस्त्र बनवणाऱ्याने ही रेषा कशी ओळखायची? चुकला तर फौजदारी गुन्हा आहे, दंडाची पावती नाही.

आणि व्याख्येचा घोळ सरकारनेच घातलेला आहे. १९७८ पासूनची जुनी व्याख्या म्हणायची की हॅमर, बोल्ट आणि फायरिंग यंत्रणा ज्यात बसते तो रिसिव्हर. एआर-१५ चा बोल्ट तर वरच्या भागात असतो! ही विसंगती धरून कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी २०१९ मध्ये लोअर त्या व्याख्येत बसत नाही, असं मत नोंदवलं होतं. चाळीस वर्षं हे असंच चालू दिलं. दुरुस्ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने करायची, संस्थेने आपलं जुनं मत फिरवून नाही.

नोंदवही

व्याख्येवर दोन सूत यांच्याशी सहमत, पण नंबर नसला की नेमकं काय अडतं ते बघू. माग असा काढतात: पोलीस शस्त्राची बनावट, मॉडेल आणि सिरियल नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या ट्रेसिंग सेंटरला पाठवतात. सेंटर उत्पादकाला विचारतं, उत्पादक घाऊक विक्रेत्याचं नाव देतो, तो दुकानदाराचं. दुकानदार आवक-जावकीची वही उघडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म काढतो. त्या फॉर्मवर पहिल्या खरेदीदाराचं नाव असतं. मालकांची नावं घालून शोधता येईल अशी केंद्रीय यादी ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणून ही साखळी कडी-कडीने, बहुतेक माणसाने फोन करूनच पुढे सरकते.

आता पहिल्याच रकान्यात नंबर नाही, तर फोन कुणाला करायचा? २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत अशी ४५,००० हून जास्त शस्त्रं माग काढायला आली आणि शंभरातल्या एकाचाही खरेदीदार सापडला नाही. दुकान बंद पडलं तर वह्या सेंटरकडे जातात, त्यामुळे तीस वर्षं जुन्या रायफलीचाही माग लागू शकतो. पूर्वी चालू दुकानाला २० वर्षांनंतर फॉर्म नष्ट करता यायचे; २०२२ च्या नियमाने ते धंदा असेपर्यंत ठेवायचे झाले. या बदलाकडे कुणाचं लक्ष नाही, पण माझ्या मते तो ब्लँकच्या वादाइतकाच मोठा आहे.

दोन सूत

साखळी बरोबर सांगितलीत, पण ती पहिल्या खरेदीदारापाशी संपते. त्यानंतर शस्त्र चोरीला गेलं, हातोहात विकलं गेलं, तर फॉर्मवरचं नाव निरपराध माणसाचं. १,६०० चे १९,००० झाले त्यात पोलीस खाती अशी शस्त्रं अधिक नियमाने कळवायला लागली, हाही भाग आहे. आणि थ्रीडी प्रिंटर? तिथे विक्रीच होत नाही, मग विक्रीच्या वेळी नंबर घालणार कशावर? तुम्ही दुकानदाराला बांधताय आणि प्रिंटरची डिझाइन फाइल मोकळी आहे.

उंबरठा

प्रिंटरचा मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. पण प्रिंटर घेऊन, जुळवून, फसलेले चार तुकडे फेकून पाचवा नीट काढणारा माणूस वेगळा आणि खोकं उघडून त्याच दुपारी जोडणारा वेगळा. निकालात नोंद आहे की त्या पिस्तुलाच्या किटमधून ते किट आधी कधी न पाहिलेल्या माणसाने २१ मिनिटांत चालणारं शस्त्र उभं केलं. मला रोखायची आहे ती ही २१ मिनिटं.

छंदवाल्यांवर गदा येते, हेही पटत नाही. स्वतःसाठी बनवलेल्या शस्त्रावर नंबर घालायची सक्ती फेडरल कायद्यात आजही नाही. ते परवानाधारक डीलर किंवा कारागिराकडे गेलं तरच प्रश्न येतो. दुरुस्ती समोर उभं राहून त्याच दिवशी करून घेतली तर नोंदही नाही, नंबरही नाही. रात्रभर ठेवून घेतलं तर वहीत आवक लिहायची आणि सात दिवसांत, किंवा त्याआधी परत देणार असेल तर देण्यापूर्वी, नंबर घालायचा.

पॉलिमरची अडचण इथेच कळते. अक्षरांची उंची किमान १/१६ इंच आणि खोली किमान ०.००३ इंच लागते. प्लॅस्टिकवर थेट कोरलेला आकडा घासून किंवा वितळवून सहज घालवता येतो, म्हणून नंबर सांगाड्यात कायमच्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर हवा. कारखान्यात ही पट्टी ओतकामातच आत धरली जाते. तयार तुकड्यावर मागाहून डिंकाने चिकटवलेली पट्टी निघते, ती 'कायमची' धरत नाहीत.

कृष्णाकाठ

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक भर. आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्रे' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्री येते. परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. तिकडून कुणी 'नुसता प्लॅस्टिकचा ठोकळा' म्हणून सामानात टाकून आणायचा विचारही करू नये.

माझा प्रश्न अमेरिकेतल्या आपल्या लोकांबद्दल आहे. एच-वन-बीवर असलेल्या माणसाने किट मागवलं तर?

नोंदवही

हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आत आलेल्याला बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ ठेवणंही फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ठळक अपवाद एक: कुठल्याही राज्याचा मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. त्याची मुदत संपली की अपवादही संपतो, रायफल मात्र कपाटात तशीच राहते. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते, ती ग्रीन कार्डवाल्यावरही.

४४७३ फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला आहे आणि शिकारीच्या परवान्याचा अपवादही तिथेच येतो. दुकानात गेलेला माणूस तिथेच थबकतो. ऑनलाइन किट विकणारे यातलं काही विचारत नव्हते. फॉर्म पोलिसांसाठी असतो, हे अर्धंच खरं. कायदा माहीत नसलेल्या खरेदीदारालाही तो वेळेवर अडवतो.

दोन सूत

हे मान्य. पण माझा पहिला आक्षेप इथेच परत येतो. जिगशिवायचा सुटा ब्लँक आजही फॉर्म न भरता मिळतो, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आजही कुणी विचारत नाही. घेताना तो ठोकळा असतो, आणि काम पुरं होतं त्या क्षणी तो व्हिसाधारक 'बंदूक बाळगणारा' ठरतो.

राज्याचा कायदाही वेगळा बघावा लागतो. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये कायदा केला, त्याने परवानाधारक कारागीर सोडून इतरांनी अपुरा रिसिव्हर बाळगणंही गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात २०२२ च्या कायद्याने अपुऱ्या तुकड्याची विक्रीही डीलरमार्फतच करावी लागते. टेक्सासातून न्यू जर्सीत नोकरी बदलून जाणाऱ्याने हे सामान बांधायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारावं, कारण तिथे २०१८ पासूनच घोस्ट गनसाठीचे सुटे भाग विकत घेण्यावर बंदी आहे.