लेखन शिकवणाऱ्याने वर्षभराचं उद्दिष्ट काय ठेवावं?

प्रश्न

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला लेखन शिकवते. अध्यापनातल्या स्वतःच्या प्रगतीची उद्दिष्टं दर वर्षी लिहून द्यावी लागतात. 'दोन कार्यशाळा, एक परिसंवाद' असं लिहिलं की काम भागतं, पण यंदा मला खरंच काही ठरवायचंय. माझा सगळ्यात जास्त वेळ निबंध तपासण्यात जातो. मुलं गुण बघतात, कागद मिटतात आणि पुढच्या निबंधात त्या शेऱ्यांचा मागमूस नसतो. 'शेरे सुधारणे' असं लिहिलं, तर ते मोजायचं कसं? आणि स्वतःचं लेखन उद्दिष्टांत धरावं का?

उत्तर १

शेऱ्यांचंच धरा, ताई. वर्षाला तेवढं पुरे.

तपासलेल्या निबंधांवरचे तुमचे शेरे वेगळ्या कागदावर उतरवा आणि निबंध बाजूला ठेवा. कुठला शेरा कुणाच्या निबंधावरचा, हे ओळखता येतं का? लेखन-अध्यापनाच्या अमेरिकन अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: शिक्षकांचे बरेचसे शेरे कुठल्याही निबंधावर चालून जातील असे असतात. शिवाय एकाच परिच्छेदात एकीकडे 'वाक्य आटोपशीर करा' आणि दुसरीकडे 'मुद्दा विस्ताराने मांडा'. मुलाने आधी काय करायचं?

म्हणून उद्दिष्ट असं लिहा: पहिल्या खर्ड्यावर गुण नाहीत, शुद्धलेखन नाही, फक्त दोन शेरे, तेही त्याच निबंधातल्या एखाद्या वाक्याला धरून. 'इथे तुम्ही शहराबद्दल बोलताय, पुढच्या ओळीत एकदम गावाबद्दल. मधलं काय राहिलं?' असे. मोजायचं म्हणाल तर दोन्ही खर्डे शेजारी ठेवा. नुसते ऱ्हस्व-दीर्घ बदललेत की मुद्द्यांचा क्रमही हलला, ते लगेच दिसतं. माझ्या मते कार्यशाळेच्या प्रमाणपत्रापेक्षा हा पुरावा कितीतरी मोलाचा आहे.

प्रश्नकर्ती

पटलं. पण चुका तशाच सोडल्या तर सहकारी म्हणतील, तपासलंच नाही.

उत्तर २

सोडायच्या नाहीत, पुढच्या खर्ड्यावर घ्यायच्या. लेखन शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांची १९८३ मधली पद्धत वापरून बघा: ज्या ओळीत चूक आहे, तिच्यासमोर समासात फक्त एक खूण. चूक कोणती, ते लिहायचं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा ६० टक्क्यांहून जास्त चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या होत्या. म्हणजे बऱ्याच चुका न येण्याच्या नसतात, न बघण्याच्या असतात. ज्या उरतात, तेवढ्याच वर्गात शिकवा. वेळही वाचतो.

उत्तर ३

स्वतःच्या लेखनाबद्दल: जरूर धरा, पण कथा-लेख छापून आणणं नको. मुलांना दिलेला विषय तेवढ्याच वेळात आपणही लिहायचा. 'वाचनाचे महत्त्व' घेऊन बसलात की दुसऱ्याच परिच्छेदात कळतं, सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण विषयातच उत्तर ठरलेलं आहे. मग तोच विषय 'अर्धवट सोडलेलं एक पुस्तक' असा करून बघा. आणि तुमचा खोडाखोडीचा कागद मुलांना दाखवा, स्वच्छ प्रत नको.