तुमचा सर्वांत मोठा गिटारवादक कोण, आणि तो कसा ठरला? (अनुभव धागा)

हेंड्रिक्स मोठा की पाको दे लुसिया, हा वाद रात्री दोनपर्यंत रंगतो आणि शेवटी जो तो आपलंच खरं म्हणत झोपायला जातो. इथे याद्या नकोत. त्या पुष्कळ झाल्यात. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने २००३ मध्ये हेंड्रिक्सला पहिला नंबर दिला आणि २०२३ मध्येही त्यालाच. एखाद्याला ऐकून किंवा त्याच्यासारखं वाजवायला जाऊन तुमचं मत कसं बनलं, कसं फिरलं, तेवढं लिहा. शैली कुठलीही चालेल.

*

मी हेवी मेटलवाला. ब्लॅक सबाथ बँडचा टोनी आयोमी, विषय संपला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या करून खालच्या सुरातही लावल्या. ब्लॅक सबाथचा तो जडशीळ आवाज यातूनच घडला. अपघातानंतर त्याला उभारी दिली ती जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डने, असं वाचलं म्हणून मी जँगो ऐकायला घेतला. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झालेली. सोलो सगळे उरलेल्या दोन बोटांवर. मी ती दोन बोटं दुमडून साधा सी मेजर स्केल वाजवून पाहिला. प्रत्येक तारेवर अख्खा हात सरकवावा लागतो, मनगट भरून येतं, आणि लय केव्हाच सुटलेली असते. आवडता अजूनही आयोमीच. पण मोठा कोण म्हणाल तर जँगो.

*

वेगबिग ठीक आहे हो. आमच्या घरी गिटार म्हणजे ब्रिजभूषण काब्रा. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' बाबांची लाडकी रेकॉर्ड. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया इतके गाजले की तिसरं नाव पटकन कुणाला आठवत नाही. गिटार आडवी ठेवायची, पडद्यांवर बोट टेकवायचंच नाही, पोलादी दांडी तारेवरून सरकवायची. त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सलग मिळते, गळ्यातून यावी तशी. ती ऐकून ज्याचे कान तयार झाले, त्याला पुढे रॉकवाल्यांनी तार ओढून काढलेली मींड तोकडीच वाटणार. पक्षपात आहे, मान्य.

*

फ्लॅमेंको, म्हणजे पाकोची स्पॅनिश शैली, शिकतेय. तारा छेडताना नखं तुटू नयेत म्हणून उजव्या हाताच्या नखांवर सुपरग्लू लावून ऑफिसला जाते, सगळे विचारतात. पाकोचा पिकादो, म्हणजे तर्जनी-मध्यमा आळीपाळीने चालवून घेतलेल्या ताना, त्यावर सगळे फिदा. मीही होते. शिकायला लागल्यावर मात्र कामारोन या फ्लॅमेंको गायकाच्या गाण्यामागची त्याची साथ जास्त ऐकते. गाणारा श्वास घेतो तेवढ्यात दोन-तीन स्वर, आणि लगेच मागे. आमच्या गुरुजी-बाईंच्या भाषेत, भरीव पण आगाऊ नाही.

*

साथीचा विषय निघालाच आहे तर फ्रेडी ग्रीन! १९३७ ते १९८७, काउंट बेसीचा जॅझ बँड, गिटारला अँप्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीतच. चार ठोक्यांना चार कॉर्ड, बस. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रिदम वाजवतो. माझा आवाज बंद राहिला तरी पब्लिकला पत्ता लागत नाही. हात अडखळला की मात्र ड्रमर मान वळवून बघतो. अशा माणसाला कुठल्या यादीत घालणार?

*

मी तबलेवाला, त्यामुळे जॉन मॅकलॉफ्लिन. 'शक्ती' या त्याच्या भारतीय वादकांसोबतच्या बँडसाठी त्याने गिटारच बदलून घेतली: सतारीच्या तरफांसारख्या जादा तारा, आणि दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून स्वर हलवता येतो. झाकीरभाईंशी त्याचे सवालजवाब ऐकताना मी गिटारकडे बघतच नाही, सम कुठे येते तेच मोजत बसतो.

*

एवढ्या प्रतिसादांत ब्लूजवाला बी. बी. किंग नाही? कमाल आहे. गाताना गिटार गप्प, गिटार बोलताना तो गप्प. आणि एकाच स्वरावर तो जे कंपन द्यायचा, ते मेटलवाल्यांनी दहाही बोटांनी काढून दाखवावं.