बाण चुकला, हरण वाचलं. मग वाईट कशाचं वाटून घ्यायचं?

पेठकर
मी शिवाजी पेठेतला. नोकरीमुळं गेली नऊ वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथं परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करणं कायदेशीर आहे आणि मी ती करतो. बंदुकीनं नाही, साध्या लाकडी धनुष्यानं. त्याला चाकं नाहीत, भिंग नाही, नेम धरायला खूणसुद्धा नाही. सध्या सुट्टीवर कोल्हापुरात आहे. परवा रंकाळ्यावर मित्रांना गेल्या नोव्हेंबरातली हकिगत सांगितली आणि रात्री साडेअकरापर्यंत वाद पेटला. तो इथं मांडतो.

पहाटेपासून एका पडलेल्या ओकच्या बुंध्याआड बसलो होतो. आठच्या सुमाराला ओढ्याच्या पलीकडच्या काठानं एक मादी चरत आली. अंगाची अख्खी बाजू माझ्याकडं, पुढचा पाय पुढं टाकलेला, त्यामुळं छातीचा भाग मोकळा. मी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा १५ यार्डांची, म्हणजे ४५ फुटांची आहे. त्यापलीकडं काहीही उभं राहो, बाण सोडायचा नाही. ती मला पंधरावर वाटली. दोरी ओढली, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं, बाण सुटला. तेवढ्यात तिनं अंग असं खाली घेतलं, की पायाखालची जमीन वीतभर खचली असावी असं वाटलं. बाण पाठीवरून गेला. तीन उड्यांत ती झाडीत दिसेनाशी झाली.

नंतर अंतर मोजलं. २३ यार्ड निघालं. मधल्या घळीमुळं अंदाज फसला असं मी मित्रांना सांगितलं, पण ते पूर्ण खरं नाही. घळ मला दिसत होती. चार आठवड्यांत एकही हरण इतक्या जवळ आलं नव्हतं, म्हणून ते अंतर पंधराच असावं असं मला वाटत होतं.

मित्र म्हणाले, हरण वाचलं, तुझं काय बिघडलं? माझं म्हणणं असं की फार बिघडलं. ती थोडी कमी वाकली असती तर बाण मणक्याजवळच्या मांसात रुतला असता आणि तो घेऊन ती कुठं कुठं फिरली असती. साधं धनुष्य वापरणाऱ्यानं आपली मर्यादा मोडली, तर बाण लागो न लागो, त्यानं तो हंगाम तिथंच थांबवावा. मी थांबवला. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट
हंगाम थांबवलात, बरं केलंत. पण पुढच्या वर्षी परत बसणारच ना? तुमच्या फ्रिजमध्ये अन्न आहे, कोपऱ्यावर दुकान आहे. पोटाची गरज नाही. मग एका जिवाला आपल्या सरावाचं निशाण करायचा हक्क कुठून आला? लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट ऐकताना मला सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची वाटायची. दशरथाचा नेम अचूक होता. तो चुकला असता तर आंधळ्या म्हाताऱ्या आईबापांना पाणी मिळालं असतं. तुमचा चुकला, हे त्या मादीचं नशीब. तिच्यामागं पिल्लं होती का, हे तरी बघितलंत?

ऊसकरी
मी राधानगरी तालुक्यातला. रानवाट ताई, तुमचं मन मोठं हाय, पण तुमच्या उसात गवा शिरला न्हाई अजून. आमच्यात रातभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवावा लागतोय. कोंब आलेला ऊस एका रातीत तुडवून जातंय. डुकरं भुईमूग उकरत्यात. पंचनामा हुतोय, भरपाई मिळती, पण झोप कोण भरून देणार? तवा जनावर मारणं म्हंजे पापच, असं माझ्या तोंडातनं येणार न्हाई.

पण पेठकर भावा, तुझं मला पटलं न्हाई ते येगळंच. मारायचंच तर एका घावात पडंल असं हत्यार घे. तिथं बंदूक चालती, परवाना मिळतोय म्हणतोस. मग लाकडाचा धनुष्य कशासाठी? त्यात कौतुक तुझं, आणि कळ जनावराला. आमच्यात बोकड कापणारा बोथट सुरी घेऊन आला तर त्याला कोण दारात उभं करणार न्हाई.

नेमबाज
मी मुलांना धनुर्विद्या शिकवतो, शिकार कधी केली नाही. पण ऊसकरींचं 'बोथट सुरी' हे मला मान्य नाही. शिकारीच्या बाणाचं रुंद पातं वस्तऱ्यासारखं धारदार असावं लागतं. छातीत नीट लागलं तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. प्रश्न पात्याचा नाही, वेळेचा आहे.

हिशेब करून बघा. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला १७० फुटांच्या आसपास जातो. २३ यार्ड म्हणजे ६९ फूट, म्हणजे त्याला ०.४ सेकंद लागला. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांहून जास्त वेगानं जातो, तो ०.०६ सेकंदात तिच्या कानावर पोचला. उरलेला सेकंदाचा तिसरा हिस्सा तिच्याकडं होता. हरीण दचकलं की उडी मारायला आधी पाय दुमडतं आणि त्यात अंग खाली जातं. ती बाण बघून वाकली नाही, पळायची तयारी करत होती. १५ यार्डांवर तिला पाव सेकंदही मिळाला नसता. म्हणजे पेठकरांची मर्यादा हट्टाची नाही, गणिताची आहे.

आता चाकांच्या आधुनिक धनुष्याबद्दल, म्हणजे कंपाऊंडबद्दल. कोणीतरी ते सुचवणारच. साताऱ्याच्या आदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला त्याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा तिचं वय १७ होतं. तिथं ५० मीटरवरचं निशाण जागचं हलत नाही. अर्जुनाचा पक्षीसुद्धा द्रोणांनी झाडावर ठेवलेला, बनवलेलाच होता. जिवंत जनावर हलतं. कंपाऊंड हातात आलं की माणूस पन्नास यार्डांवरून बाण सोडायचं धाडस करतो आणि तिथं हरणाला आणखी वेळ मिळतो.

फक्त हंगाम थांबवणं मला पटलं नाही. अंदाज चुकला तर अंदाजाचा सराव करा. शिक्षा घेतल्यानं नजर सुधारत नाही.

दाजीपूर
वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. इथं बरीच तरुण पोरं वाचत असतील, म्हणून एक गोष्ट आधी. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच मारण्याचा प्रयत्नही धरलेला आहे. म्हणजे पेठकरांचा हाच बाण इथं एखाद्या भेकराच्या पाठीवरून गेला असता, तरी ती शिकारच. अभयारण्यात केली तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. बाण चुकला ही पळवाट नाही.

कोल्हापूरला शिकारीचा मोठा वारसा आहे असं अभिमानानं सांगितलं जातं. आहेच. संस्थानात शिकारी चित्ते पाळत, चित्तेवान त्यांना डोळ्यांवर टोपी घालून गाडीतून माळावर नेत आणि काळविटावर सोडत. नवीन राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत. दाजीपूरचं जंगल छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं, म्हणूनच ते टिकलं आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. हे मी नाकारत नाही. पण चित्ता देशातून संपला आणि माळावरचं काळवीटही गेलं. त्या वारशाचा हिशेब मांडताना हेही मांडा.

जखमी जनावर म्हणजे काय, ते मी बघितलंय. दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास लावतात. एका सांबराच्या मागच्या पायात ती तार कातडी कापून हाडापर्यंत गेली होती. तोंडाला फेस, डोळे तारवटलेले, आणि जवळ गेलो तरी उठायची ताकद नाही. डॉक्टर येईपर्यंत गेलं. पेठकर, तुमच्या बाणानं हेच होऊ शकलं असतं. तुम्ही ते स्वतः लिहिलंत, म्हणून बोलतोय.

रानवाट
काकांनी लिहिलेलं वाचून पुढं काही लिहायचं मन होईना. तरी एक विचारते. बाण पाठीवरून गेला हे तुम्ही नजरेनं ठरवलंत. अंतराच्या बाबतीत तीच नजर आठ यार्डांनी फसली होती. मग बाण लागलाच नाही, हे कशावरून? किती वेळ शोधलंत?

पेठकर
हा प्रश्न रंकाळ्यावर एकानंही विचारला नव्हता.

अर्धा तास जागचा हललो नाही. जनावर जखमी असेल तर लगेच मागं लागल्यानं ते आणखी लांब पळतं. मग ओढा ओलांडला. बाण एका कुजक्या ओंडक्यात, शेवाळात रुतला होता. काढला आणि पांढऱ्या कागदी रुमालावर आधी पातं, मग दांडा, मग पिसं एकेक करून पुसली. रक्त लागलं असतं तर रुमाल लाल झाला असता, पोटात लागला असता तर हिरवट घाण आणि वास आला असता. रुमालावर शेवाळ आणि पाणी. एक केस नाही. तरी ती गेली त्या वाटेनं साडेबारापर्यंत गुडघ्यावर बसून पानं उलटत गेलो. काही नव्हतं.

पिल्लांबद्दल. तिथली पिल्लं मे-जूनमध्ये जन्मतात, नोव्हेंबरपर्यंत दूध सुटलेलं असतं. पण ती आईमागं हिंडत असतात हे खरं, आणि तिच्यामागं होती का, हे मी बघितलं नव्हतं. मला फक्त तीच दिसत होती.

ऊसकरी दादा, बंदूक का नाही, याचं उत्तर देतो. बंदुकीनं मी शंभर यार्डांवरून हरीण पाडलंय, पहिल्याच वर्षी. ते कोसळलं तेव्हा मला त्याचा श्वास ऐकू आला नव्हता. धनुष्यानं मारायचं तर ते पंधरा यार्डांवर यावं लागतं, वारा त्याच्याकडून माझ्याकडं यावा लागतो, आणि दहातले नऊ दिवस मी रिकाम्या हातानं घरी येतो. ते नऊ दिवस मला हवे असतात. यात माझं कौतुक आहे, असं तुम्ही म्हणालात. थोडं असेल. पण ज्या जनावराचं मांस मी वर्षभर खातो, ते मिळवणं सोपं नसावं, असंही मला मनापासून वाटतं.

रानवाट ताई, हक्क कुठून आला असं विचारलंत. तिथं बंदुका, काडतुसं आणि धनुष्यांवर ११ टक्के कर आहे. १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडं वळवला, धनुष्यबाण त्यात नंतर आले.

रानवाट
कर भरला म्हणून मारणं योग्य ठरत नाही. माझं मत बदललेलं नाही. पण साडेबारापर्यंत पानं उलटलीत, ते वाचलं.

नेमबाज
मी माझं एक वाक्य मागं घेतो. 'अंदाजाचा सराव करा' म्हणालो, पण चार आठवड्यांची वाट बघणं मैदानात आणता येत नाही. मोहात असलेल्या माणसाला पंधरा आणि तेवीस सारखेच दिसतात. अशा वेळी हंगाम थांबवणं मला आता चूक वाटत नाही. मात्र तो नियम सगळ्यांवर लादू नका.

ऊसकरी
भावा, नऊ दिवसांचं म्हणालास ते कळलं. आमी पण माळ्यावर तसंच बसतोय, फकस्त आमाला जनावर येऊ ने असं वाटतंय. तरी धनुष्याबद्दल माझं म्हणणं तेच.

सुट्टी हाय तवर ये आमच्यात. सांजचं बांधावर भेकर येतंय. हत्यार आणायचं न्हाई. माळ्यावर बसून नुसतं नजरेनं सांग किती अंतर हाय ते. भेकर गेलं की आपण दोरी धरून मोजू.

पेठकर
रविवारी येतो दादा. चारला निघालो तर अंधाराआधी पोचेन ना? दोरी मी घेऊन येतो.